स्केल मॉडेल किट कुठल्या कंपनीचं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किट म्हणजे खऱ्या विमान-रणगाड्याची प्लास्टिकचे पार्ट जोडून बनवायची लहान प्रतिकृती. ते घेण्याआधी लोक जे परत परत विचारतात ते सगळं इथे एकत्र केलंय. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत, सुरुवातीला सोपे आणि पुढे किचकट. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. सगळ्यात चांगली कंपनी कुठली, एकच नाव सांगा ना?

एकच नाव हवं असेल तर तामिया, आणि पहिल्या दोन-चार किटांपुरतं हे उत्तर बरोबर आहे. पण त्यापुढे नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊन चालत नाही, कारण नाव खोक्यावर असतं आणि आपण जोडतो ते आतलं प्लास्टिक, आणि ते प्लास्टिक ज्या मोल्डमधून (साच्यातून) निघालं तो मोल्ड कधी बनला, कोणी बनवला यावर सगळं ठरतं. एकाच कंपनीचा पन्नास वर्षं जुना मोल्ड आणि परवा आलेला मोल्ड दुकानात शेजारी शेजारी, सारख्याच दिसणाऱ्या खोक्यात बसलेले असतात. त्यामुळे "एअरफिक्स कशी आहे?" असं न विचारता "एअरफिक्सचं १/४८ हंटर कसं आहे?" असं विचारा (हंटर हे विमान, १/४८ हे स्केल, म्हणजे खऱ्याचा अठ्ठेचाळिसावा भाग), कामाचं उत्तर मिळेल. मोल्डचं वय कसं ओळखायचं ते प्रश्न ६ मध्ये.

२. आत्तापर्यंत एकही किट केलेलं नाही. पहिलं कुठलं घेऊ?

पहिलं किट असं घ्या जे पूर्ण होईल. अर्धवट सोडलेलं पहिलं किट बघून लोक छंदच सोडतात, हे फार वेळा बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं. विमान आवडत असेल तर तामियाचं १/४८ किंवा १/७२ मधलं एका इंजिनाचं दुसऱ्या महायुद्धातलं विमान, रणगाडा आवडत असेल तर तामियाचाच १/३५ किंवा १/४८, आणि पार्ट जेवढे कमी तेवढं बरं. बजेट कमी असेल तर एअरफिक्सचा स्पिटफायरचा स्टार्टर सेट बघा, त्यात रंग, ब्रश, गोंद सगळं येतं. हॉबीबॉसची १/७२ मधली इझी असेंब्लीवाली विमानं पण छान, बॉडीचे मोठे तुकडे जवळजवळ एकसंध येतात, एका रविवारी जोडून होतात.

दोन गोष्टी टाळा. एअरफिक्सचं क्विकबिल्ड हे वेगळंच प्रकरण आहे, ते ठोकळ्यासारखं एकमेकांत बसवायचं खेळणं आहे, लहान मुलांना मस्त, पण तुम्हाला गोंद आणि रंग शिकायचे असतील तर ते नको. आणि पहिल्याच झटक्यात १/३५० चं मोठं जहाज किंवा आत इंजिनापासून तोफगोळ्यांपर्यंत सगळं असलेला रणगाडा घेऊ नका, कितीही ऑफर असली तरी.

३. आधी स्केल ठरवू का कंपनी?

आधी विषय, मग स्केल, मग कंपनी. तुम्हाला काय बनवायचंय आणि घरात कपाट केवढं आहे या दोन गोष्टी ठरल्या की स्केल आपोआप ठरतं आणि कंपन्यांची यादी निम्म्याने कमी होते. लढाऊ विमानांना १/७२ आणि १/४८, रणगाड्यांना १/३५, गाड्यांना १/२४, जहाजांना १/७०० आणि १/३५० असं साधारण चालतं. सुखोईसारखं मोठं जेट १/४८ मध्ये जवळजवळ अर्धा मीटर लांब होतं, टू बीएचकेमध्ये असली किती ठेवणार याचा विचार आधी करा.

१/३५ हा आकडा आला कुठून हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तामियाने सुरुवातीला पँथर रणगाडा काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील अशा हिशोबाने त्याचा आकार ठरवला, नंतर मोजलं तर ते साधारण १/३५ निघालं, आणि मग सगळं जग त्याच मापाच्या मागे गेलं. १/७०० ची जहाजं पण अशीच जपानातून आली, शिझुओकाच्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी यांनी १९७१ मध्ये जहाजं आपापसात वाटून घेऊन वॉटरलाइन सिरीज सुरू केली.

४. तामिया एवढी महाग का? खरंच तेवढी भारी आहे?

फिटिंगच्या बाबतीत हो, भारीच आहे. तामियाचं नवीन विमान घ्या, उदाहरणार्थ २०१८ चं १/४८ स्पिटफायर मार्क वन, आणि गोंद न लावता पंख बॉडीला नुसते टेकवून बघा. जोड असा बसतो की पुट्टीची आठवण पण येत नाही. स्प्रूवरून (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) पार्ट कापतो ती जागा सुद्धा शक्य तिथे अशा ठिकाणी ठेवलेली असते की कापल्याची खूण जोडात लपावी. इन्स्ट्रक्शन स्वच्छ, कुठला पार्ट आधी आणि कुठला रंगवून मग हे व्यवस्थित सांगितलेलं. पैसे याचेच जातात.

उणी बाजू पण आहे. डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, जाड असतात, नीट बसवायला सॉफ्टनर (ती मऊ करणारं द्रव) लागतो. विषयांची निवड मर्यादित, जपानी, अमेरिकन, जर्मन गोष्टी भरपूर, आपल्याकडच्या गोष्टी क्वचित. आणि तामियाच्या यादीत १९७० च्या दशकातले रणगाडे अजून आहेत, ते जोडायला सोपे आहेत पण बारकावे आजच्या मानाने कमी. उलटं पण होतं, तामियाचं १/४८ मस्टँग पी-५१ डी १९९५ चं आहे आणि आजही डोळे मिटून घ्यावं असं आहे. म्हणजे जुनं ते सगळं वाईट असंही नाही.

५. एअरफिक्सबद्दल एक जण म्हणतो भंगार, दुसरा म्हणतो मस्त. खरं कोण?

दोघंही, कारण दोघांनी वेगवेगळ्या काळातली किटं केलीयत. कंपनी १९३९ ची, ब्रिटिश. २००६ मध्ये तिची मालक हम्ब्रॉल बुडाली तेव्हा हॉर्नबीने ती विकत घेतली आणि त्यानंतर हळूहळू नवीन मोल्ड यायला लागले. त्यातले सुरुवातीचे काही ठीकठाक, पॅनल लाइन्स (विमानाच्या पत्र्यांच्या जोडरेषा) खोल आणि रुंद, पण गेल्या दहाएक वर्षांतली १/४८ किटं खरोखर चांगली आहेत आणि भावही तामियापेक्षा हलका. जुने मोल्ड आता ते स्वतःच व्हिंटेज क्लासिक्स नावाच्या रेंजमध्ये वेगळे विकतात, हे मला फार प्रामाणिकपणाचं वाटतं, खोका बघूनच कळतं आत काय आहे.

अजून एक, एअरफिक्सच्या बऱ्याच खोक्यांवर मेड इन इंडिया लिहिलेलं असतं. ते नकली नाही, हॉर्नबीने बरंच उत्पादन आपल्याकडे करून घेतलंय. "भारतात बनतं मग इथे स्वस्त का नाही?" हा पुढचा प्रश्न लगेच येतो. ब्रँड तिकडचा, माल तिकडून फिरून इथल्या दुकानात येतो, आणि भाव आयातीचाच लागतो, त्याबद्दल प्रश्न १४.

६. मोल्ड जुना का नवीन हे खोक्यावरून कसं कळणार?

खोक्यावरून बहुतेक वेळा कळतच नाही. खोक्यावर छापलेलं वर्ष त्या छपाईचं असू शकतं, मोल्डचं नाही. सोपा रस्ता म्हणजे स्केलमेट्स साइटवर किटचा नंबर टाकायचा, तिथे त्या मोल्डची अख्खी वंशावळ टाइमलाइनमध्ये दिसते, पहिल्यांदा कोणी काढला, मग कोणाकोणाच्या खोक्यातून आला. "नवीन टूल" लिहिलं असेल तर नवा मोल्ड, "नवीन डिकल्स" किंवा "नवीन बॉक्स" लिहिलं असेल तर आत तेच जुनं.

इंटरनेट नसेल आणि दुकानदार खोका उघडू देत असेल तर स्प्रू बघा. पॅनल लाइन्स उठावदार आहेत का कोरलेल्या? उठावदार असतील तर मोल्ड बहुतेक १९८० च्या दशकातला किंवा त्याआधीचा. पार्टच्या कडेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आलाय का, म्हणजे फ्लॅश? असेल तर मोल्ड झिजलाय. कॉकपिटमध्ये सीट आणि पायलट एवढंच आहे का? पंखाची मागची कड जाड आहे का? जाड भागावर खड्डे पडलेत का? एक-दोन गोष्टी असतील तर भागतं, सगळ्याच असतील तर स्वस्त असेल तरच घ्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. मोनोग्रामची जुनी १/४८ जेट्स उठावदार लाइन्सची आहेत तरी त्यांचा आकार आणि कॉकपिट इतके चांगले आहेत की लोक आजही शोधून घेतात.

७. रेव्हेलचं किट घेतलं, स्प्रूवर दुसऱ्याच कंपनीचं नाव. फसवलं का मला?

नाही. याला रिबॉक्सिंग म्हणतात आणि या धंद्यात ते सर्रास चालतं. एक कंपनी दुसरीकडून प्लास्टिक घेते, आपल्या खोक्यात घालते, डिकल्स बहुतेक स्वतःचे देते. रेव्हेलने हासेगावा, इटालेरी, झ्वेझ्दा, आयसीएम अशा कितीतरी जणांची किटं आपल्या नावाने विकलीयत. खुद्द तामियाच्या १/७२ वॉरबर्ड कलेक्शनमध्ये काही किटं मुळात इटालेरीची आहेत, तामिया म्हणून घेतलं आणि तामियासारखं बसलं नाही अशी तक्रार तिथूनच येते. एडुआर्ड पण आपल्या लिमिटेड एडिशनमध्ये दुसऱ्यांचं प्लास्टिक वापरते. पोलंडची हॉबी २००० तर मुख्यतः रिबॉक्सिंगच करते, आणि डिकल्स छान देते.

याचा फायदा पण घेता येतो. मूळ हासेगावा मिळत नसेल किंवा महाग असेल तर तेच प्लास्टिक दुसऱ्या खोक्यात स्वस्तात मिळू शकतं. स्केलमेट्सवर बघून मगच घ्या (प्रश्न ६).

८. हासेगावाच्या जेटमध्ये मिसाइलच नाहीत! खोका अर्धवट आला का?

खोका पूर्णच आहे. हासेगावाच्या बऱ्याच आधुनिक जेट किटमध्ये फक्त टाक्या आणि जुजबी सामान असतं, बॉम्ब-मिसाइलचे वेपन सेट ती वेगळे विकते. भाव तुलना करताना हे धरा. अकॅडमी, ट्रम्पेटर, किनेटिक सहसा भरभरून हत्यारं देतात, त्यातली उरलेली दुसऱ्या किटला वापरता येतात.

९. एडुआर्डचं एकच विमान प्रोफीपॅक, वीकएंड आणि ओव्हरट्रीज अशा तीन भावांत दिसतंय. काय घेऊ?

तिन्हीत प्लास्टिक साधारण तेच. प्रोफीपॅकमध्ये रंगीत फोटोएच, म्हणजे पत्र्याचे कोरलेले बारीक पार्ट, कॅनपीचे (कॉकपिटवरच्या काचेचे) मास्क, म्हणजे रंगवताना काच झाकायचे स्टिकर, आणि जास्त मार्किंगचे पर्याय येतात. वीकएंडमध्ये फोटोएच आणि मास्क नाहीत. ओव्हरट्रीज म्हणजे नुसते स्प्रू, डिकल नाही, माहितीपुस्तिका नाही.

पहिल्यांदा एडुआर्ड करत असाल तर वीकएंड घ्या आणि मास्क वेगळे मागवा, कारण कॅनपी हाताने मास्क करणं हेच सगळ्यात कंटाळवाणं काम, बाकी फोटोएच शिवाय काही अडत नाही. भारतीय मार्किंग करायची असेल आणि डिकल्स बाहेरून आणणारच असाल तर ओव्हरट्रीज सगळ्यात परवडतं. फक्त एक सांभाळा, एडुआर्डचे पार्ट बारीक आणि फिटिंग इतकं घट्ट मापाचं की जोडात रंगाचा एक थर राहिला तरी पार्ट बसत नाही. जोडाच्या जागा खरवडून साफ करूनच चिकटवा. आणि २०२१ च्या आसपासपासूनच्या डिकल्सवरची वरची पारदर्शक फिल्म बसवल्यानंतर सोलून काढता येते, पण सुकायला पुरेसा वेळ द्या, घाई केलीत तर खालची छपाई पण येते.

१०. चिनी कंपन्यांवर भरवसा ठेवू का?

ठेवा, पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. ट्रम्पेटर आणि हॉबीबॉस एकाच घराण्यातल्या मानल्या जातात, विषय प्रचंड, दुसरं कोणी काढणार नाही ते त्या काढतात, इंजिनिअरिंग चांगलं, पण आकार कधी कधी चुकतो आणि इन्स्ट्रक्शनमध्ये रंगांची माहिती थोडकी. मेंग, ताकोम आणि राय फील्ड मॉडेल रणगाड्यांत फार पुढे गेल्यात, मेंगची फिटिंग तर तामियाच्या अगदी जवळ. ग्रेट वॉल हॉबीची १/४८ रशियन जेट्स उत्तम आणि भावही तसाच. हाँगकाँगची ड्रॅगन एकेकाळी राजा होती, पार्ट ढिगाने, इन्स्ट्रक्शन गोंधळाचे, अनुभव असेल तर मजा येते.

११. रणगाड्यासाठी कुठली कंपनी? ट्रॅकचं फार ऐकलंय.

ट्रॅकवरूनच कंपनी निवडली तरी चालेल, एवढा तो मुद्दा मोठा आहे. तामियाच्या बऱ्याच किटमध्ये एकसंध मऊ ट्रॅक येतो, पाच मिनिटांत काम, पण वरून झोळ पडत नाही, खऱ्या रणगाड्याचा ट्रॅक वरच्या चाकांवर टेकून लोंबतो तो भास येत नाही. ताकोम, राय फील्ड, मिनीआर्टमध्ये एकेक कडी जोडायची, दोन संध्याकाळ जातात पण झोळ खरा दिसतो. पहिल्या दोन रणगाड्यांना मऊ ट्रॅक, पुढे कड्यांचा, हा क्रम बरा.

आता जुन्या मऊ ट्रॅकचा एक धोका. काही जुन्या किटमधला व्हिनाइल ट्रॅक चाकांना टेकून वर्षानुवर्षं राहिला तर त्यातलं रसायन चाकाच्या प्लास्टिकमध्ये उतरतं आणि प्लास्टिक अक्षरशः विरघळतं, चाकाला ट्रॅकचा ठसा उमटून चिकट खळगा पडतो. खोक्यात ट्रॅक वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि चाकांना रंगाचा पूर्ण थर दिल्याशिवाय ट्रॅक चढवू नका.

आपल्या सैन्यातलं काही करायचं असेल तर टी-७२ सोपा, तामियाचा टी-७२ एम-१ आहे आणि आपला अजेय त्याच जातीचा. टी-५५ तामियाचा साधा-सरळ, मिनीआर्टचा आतल्या सामानासकट, हजाराच्या घरात पार्ट. ६५ च्या लढाईतला पॅटन करायचा तर एम-४७ ताकोमकडे आहे, १९७१ चा पीटी-७६ ट्रम्पेटरकडे. करण्याआधी जमलं तर नगरचं (आता अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियम बघून या, १९९४ पासून आहे. ओतीव पोलादाचा खडबडीतपणा आणि वेल्डिंगची जाडी प्रत्यक्ष बघितली की किटमध्ये काय कमी आहे ते आपलं आपल्याला कळतं.

१२. भारतीय हवाई दलाचं विमान बनवायचंय. कुठल्या कंपनीचं चालेल?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया पण इथेच जातात, कारण नाव तेच असलं तरी व्हेरिएंट वेगळा निघतो. चार विमानांचं सांगतो.

मिग-२१. ओझरच्या एचएएल कारखान्यामुळे नाशिककरांचं तर हे घरचं विमान, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला ते निवृत्त झाल्यापासून विचारणा खूप वाढलीय. एडुआर्डची १/४८ आणि १/७२ किटं यात सर्वोत्तम, त्यावर वाद नाही. पण आधी ठरवा कुठलं मिग. १९७१ चं एफएल हे पीएफ घराण्यातलं, सडपातळ पाठीचं. बायसन हे बिसवरून सुधारलेलं, त्याच्या पाठीवर मोठा फुगवटा. बिसचं किट घेऊन ७१ चं विमान होत नाही, पाठ पहिल्या नजरेत चुकीची दिसते.

नॅट. दुकानात दिसणारं एअरफिक्सचं १/७२ नॅट हे दोन सीटचं ट्रेनर आहे, ब्रिटनचं हवाई कसरतींचं पथक रेड ॲरोज वापरायचं ते. आपलं ६५ चं नॅट एका सीटचं, पंख लहान, आणि एअर इनटेकच्या बाजूला तोफा. ट्रेनर कापून फायटर बनवणं हे पंखासकट सगळं बदलणं आहे, त्या भानगडीत पडू नका. स्पेशल हॉबीचं १/७२ नॅट एफआर-१ शोधा, ते एका सीटचं आहे, फक्त शॉर्ट रन आहे, म्हणजे काय ते प्रश्न १५ मध्ये.

हंटर. आपलं एफ-५६ हे ब्रिटिश एफ-६ वरून केलेलं, पण त्याला ब्रेक पॅराशूट होतं आणि तोफांच्या तोंडाचे डिफ्लेक्टर (झोत वळवणारे पत्रे) नव्हते. म्हणजे एफ-६ चं किट घ्यायचं, शेपटाकडे एक्झॉस्टच्या वर पॅराशूटचा उंचवटा हंटरच्याच एफजीए-९ सारखा लावायचा, डिफ्लेक्टर गाळायचे. १/४८ मध्ये एअरफिक्स आणि अकॅडमी दोघींची आहेत, एअरफिक्स नवीन आणि आकाराने सरस. लोंगेवाला करायचं असेल तर हेच.

सुखोई-३० एमकेआय. इथे फार जण फसतात. खोक्यावर सुखोई-३० एवढंच वाचून एमकेके घेऊन येतात, ते चीनसाठीचं, त्याला पुढचे छोटे पंख म्हणजे कॅनार्ड नाहीत आणि थ्रस्ट व्हेक्टरिंगचे (झोताची दिशा बदलणारे) नोझल पण नाहीत. तुम्हाला हवं सुखोई-३० एसएम, रशियाने ते आपल्या एमकेआयवरूनच बनवलंय. झ्वेझ्दाचं १/७२ एसएम हे आजचं सगळ्यात सोपं उत्तर. आतली उपकरणं आणि अँटेनांचे फरक राहतात, ते फोटो बघून करा. पुण्यात लोहगावला २००२ मध्ये पहिली एमकेआय आली, तुम्ही ज्या काळातलं विमान बनवताय त्याच काळातले फोटो घेतलेत तर रंगसंगतीत गोंधळ होणार नाही.

डिकल्स बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात. घेताना केशरी रंगाखाली पांढरा थर छापलाय का बघा, नसेल तर राखाडी विमानावर केशरी मळकट दिसतो.

१३. आणि नौदलाचं?

सी हॅरियर करायचं तर एफआरएस-१ चं किट घ्या, १/७२ मध्ये एअरफिक्स, १/४८ मध्ये किनेटिक. एफए-२ चं चालणार नाही, त्याचं नाक वेगळं. आपल्या एफआरएस-५१ ला मात्रा मॅजिक मिसाइल होती, किटमधली साइडवाइंडर बाजूला ठेवा. ७१ च्या विक्रांतवरचं सी हॉक हवं असेल तर १/४८ ट्रम्पेटर, १/७२ हॉबीबॉस. गोव्यात बोगमाळोला नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये ही विमानं उघड्यावर उभी आहेत, दाबोळीहून अगदी जवळ. पंखाची घडी, चाकांच्या खोबणी, पोटाखालचे डाग, हवं ते जवळून बघता येतं.

१४. इथे किटं एवढी महाग का, आणि सारखी आउट ऑफ स्टॉक का? बाहेरून मागवू का?

स्केल मॉडेल कस्टमच्या यादीत खेळण्यांसोबत ९५०३ या हेडिंगखाली येतात. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. वर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस सर्टिफिकेट सक्तीचं झालं, आणि मोठ्यांसाठीची किटं असली तरी थोडाथोडा माल आणणाऱ्या दुकानदाराला ही सगळी कागदपत्रं जड जातात. दुकानदार लुटतो असं लगेच म्हणू नका, बऱ्याच जणांनी तोटा सोसून हा छंद इथे जिवंत ठेवलाय.

बाहेरून मागवताना ड्युटी किटच्या किमतीवर नाही, किंमत अधिक पोस्टेज यावर लागते. त्यामुळे स्वस्त किट महाग कुरियरने मागवणं सगळ्यात तोट्याचं. "गिफ्ट लिहून पाठवा" ही युक्ती पण आता चालत नाही, डिसेंबर २०१९ पासून ड्युटी न भरता गिफ्ट म्हणून माल आणणं बंद आहे, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. परदेशातला भाऊ-बहीण सुट्टीवर येताना बॅगेतून किट आणत असेल तर उत्तम, फक्त गोंद, थिनर आणि लॅकर रंग आणायला सांगू नका, ते पेट घेणारे असल्यामुळे विमानात चालत नाहीत, ते इथेच घ्या.

१५. शॉर्ट रन किट म्हणजे काय?

कमी संख्येने काढण्यासाठी स्वस्त मोल्डमधून बनवलेलं किट. जोडाला खुंट्या नसतात, पार्टची कड घासून सरळ करावी लागते, कॉकपिट रेझिनचं असू शकतं. चेक कंपन्या यात तरबेज. विषय असे देतात की दुसरीकडे मिळणारच नाहीत. पाच-सहा साधी किटं नीट पूर्ण झाल्यावर घ्या, आणि प्रत्येक पायरीला आधी कोरडं बसवून बघा.

१६. गनप्ला (गंडम रोबोंची किटं) पण मॉडेलिंगच ना? बँडाईचं घेऊ का?

हो, आणि गोंद-रंगाशिवाय सुरुवात करायची असेल तर त्याहून सोपं काही नाही. पार्ट आधीच रंगीत येतात आणि नुसते दाबून बसतात. १/१४४ चं हाय ग्रेड घेऊन सुरू करा. रिअल ग्रेड पण १/१४४ च असतं पण पार्ट बारीक, ते दुसऱ्या फेरीत. भाव फारच कमी दिसला तर खोक्यावर बँडाईचं नाव नीट बघा, नक्कल मालाचे सांधे ढिले असतात, उभं राहत नाही.

१७. प्रत्येक कंपनी वेगळेच रंग सांगते. कंपनी बदलली की सगळे रंग बदलायचे का?

अजिबात नाही. तामिया स्वतःचे नंबर देते, एअरफिक्स हम्ब्रॉलचे, रेव्हेल रेव्हेलचे, हासेगावा जीएसआय क्रिओसचे. तुम्ही एकच ब्रँड धरा, बाकीच्यांचे बदली नंबर इंटरनेटवर तक्त्यात मिळतात. फक्त थिनर मिसळताना जपा. तामियाचे ॲक्रिलिक अल्कोहोलवर चालतात, व्हायेहोचे पाण्यावर, आणि व्हायेहोमध्ये तामियाचा थिनर घातलात तर एअरब्रशच्या कपात रंगाच्या गुठळ्या होतात.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर मारताना रंगावर पांढुरका ढग येतो, तो हवेतल्या ओलाव्यामुळे, रंग खराब नसतो. रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) घातलेला थिनर वापरा किंवा उघडीप बघून मारा.

१८. काकांच्या माळ्यावर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं किट सापडलं. करू का विकू?

करा. आधी सगळे पार्ट आहेत का बघा, ट्रॅक चाकांना टेकलाय का बघा (प्रश्न ११). डिकल्स पिवळे पडले असतील तर झिपलॉकमध्ये घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो. मग कोपऱ्यातलं एखादं बिनकामाचं डिकल पाण्यात टाकून बघा, तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर आधी क्लिअर ग्लॉसचा हात मारा. नवीन डिकल्स दमट हवेत टिकवायचे असतील तर सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद पिशवीत ठेवा.

१९. पार्ट कमी निघाला किंवा तुटका आला तर?

पहिल्याच दिवशी खोका उघडून इन्स्ट्रक्शनच्या चित्राशी स्प्रू ताडून बघा, सहा महिन्यांनी कळलं तर दुकानदार ऐकत नाही. दुकानातून बदलून मिळालं नाही तर कंपनीला लिहा. रेव्हेल, एअरफिक्स, एडुआर्ड यांना साइटवरून हरवलेल्या पार्टसाठी लिहिता येतं, किटचा नंबर, स्प्रूचं अक्षर, पार्टचा नंबर आणि बिलाचा फोटो द्या. रिबॉक्स असेल (प्रश्न ७) तर ज्याच्या खोक्यात आलं त्याच कंपनीला लिहायचं, मूळ मोल्डवाल्याला नाही.

२०. रिव्ह्यूमध्ये लिहिलंय आकार चुकलाय. मग किट सोडून देऊ?

चूक कुठे आहे त्यावर. नाक, कॅनपी, पंखाचा कोन चुकला असेल तर विमान ओळखीचं वाटत नाही आणि ते शेवटपर्यंत खटकत राहतं. लांबी एक-दोन मिलिमीटर कमी असेल तर कपाटात ठेवल्यावर कोणालाच दिसणार नाही. चांगल्या कंपन्यांच्याही चुका होतात. एडुआर्डचं २०१४ चं १/४८ मेसरश्मिट १०९ जी-६ मापाने मोठं निघालं, लोकांनी दाखवून दिलं आणि कंपनीने २०१६ मध्ये तेच विमान नवीन मोल्ड करून परत काढलं. म्हणून ते जुन्या स्टॉकमध्ये दिसलं तर वर्ष विचारून घ्या. रिव्ह्यू वाचताना एवढंच बघा की लिहिणाऱ्याने किट जोडलंय का नुसते स्प्रू बघून लिहिलंय, जोडलेल्या विमानाचे फोटो असतील आणि शेजारी खऱ्या विमानाचा त्याच कोनातला फोटो असेल तर त्या माणसाचं ऐका.